डावी टाकी

१

आमच्या गॅरेजमध्ये एक नियम आहे आणि तो मी केलेला आहे. ज्याने गाडी दुरुस्त केली, त्यानेच ती परत देण्यापूर्वी इंजिन चालू करून एक तास आत बसायचे. ॲक्सिलरेटरला पाय लावायचा नाही, कोणाशी बोलायचे नाही. इंजिन मंद गतीवर सोडायचे आणि ऐकायचे. धावत्या गाडीत दोष लपतो. उभ्या गाडीला लपायला जागा नसते. या तासाला आम्ही बैठक म्हणतो. एकाची बैठक दुसऱ्याने केलेली मी मानत नाही. एकतीस वर्षांत हा नियम एकदाही मोडला गेला नाही, आणि मला त्याचा अभिमान होता. अभिमान हा शब्द मी जाणूनबुजून लिहितो आहे.

गॅरेजमध्ये आम्ही दोघेच. मी आणि माझा धाकटा भाऊ. तो माझ्याहून आठ वर्षांनी लहान आणि माझ्या दुपटीने रुंद. जॅक सापडला नाही तर यालाच चाकाखाली घाला, असे लोक म्हणत. सगळे त्याला पैलवान म्हणत. दारूपायी त्याची ड्रायव्हरची नोकरी गेली होती. गेली तीन वर्षे त्याने बाटलीला हात लावला नव्हता. निदान तसे तो म्हणत होता. त्याच्या शब्दावर विश्वास ठेवता यावा अशी प्रार्थना मी रोज सकाळी करीत असे आणि रोज दहा वाजता, हत्यार देण्याच्या निमित्ताने, त्याच्या तोंडाचा वास घेत असे.

२

तो ट्रक लष्कराने मोडीत काढलेला होता. खाणीच्या मालकाने तो लिलावात घेतला, कारण खाणीचा चढ चढेल असे दुसरे वाहन या भागात नव्हते. बावीस कामगार तो चढ रोज पायी चढत होते. खाणीचा मुकादम ट्रक ओढून आणून आमच्या दारात सोडून गेला. जाताना म्हणाला, "मिस्त्री, तुमचा दाखला असल्याशिवाय मालक यात माणसं बसवणार नाही. शनिवारी सकाळी गाडी हवी. आणि पैलवान, तू ही चालू केलीस, तर चालवायचीही तूच. पक्की नोकरी."

माझ्या भावाने फक्त हात पुसले, आणि ते आधीच स्वच्छ होते.

दोष साधा वाटत होता. इंजिन सुरू होई, दहा-बारा श्वास चाले, मग त्याची चाल वरखाली होऊ लागे आणि ते विझे. पेट्रोल पोहोचत नाही, हे उघड होते. कुठे अडते, एवढेच शोधायचे होते. ट्रकला दोन टाक्या होत्या, उजवी आणि डावी. कोणत्या टाकीतून पेट्रोल घ्यायचे ते ठरवणारी पितळी तोटी ड्रायव्हरच्या सीटखाली होती. आम्ही उजवी टाकी उतरवली, गंज काढला, धुतली, ताज्या पेट्रोलने भरली. टाकीच्या झाकणाचे हवेचे भोक बुजले होते, ते मोकळे केले. पंपाचा पडदा बदलला. कार्बोरेटर खोलून प्रत्येक जेटचे बारीक भोक फुंकून पाहिले.

इंजिन बारा श्वास चालले आणि विझले.

"दादा, ही बया तापली की रुसते," भाऊ म्हणाला.

"थंड असताना तरी कुठे हसते?"

"तुझ्याकडे बघून कोण हसेल?"

तो खुशीत होता. तीन वर्षांत मी त्याला असा पाहिला नव्हता. दोन दिवस आम्ही तोच शोध पुन्हा पुन्हा केला. नळ्या बदलल्या, जोडांना साबणाचे पाणी लावून हवा कुठे शिरते ते पाहिले. हवा कुठेही शिरत नव्हती. पेट्रोल पंपापर्यंत येत होते, पंपातून पुढेही जात होते, आणि तरीही इंजिन उपाशी मरत होते.

३

मंगळवारी मी फिल्टर आणायला गेलो होतो. परतताना कोपऱ्यावरच मला आवाज ऐकू आला. इंजिन चालू होते. एकसारखे, खोल, कोठेही न अडखळता. असा आवाज नव्या गाडीचाही क्वचित असतो.

भाऊ आत बसला होता. डोळे मिटलेले.

"काय केलंस?"

"काही नाही. तोटी डावीकडे फिरवली."

मी बॉनेटवर हात ठेवला. थरथर अगदी सम होती. घड्याळ लावून मी त्याची बैठक मोजली. एक तासात इंजिन एकदाही चुकले नाही. मी समाधानाने देवाचे आभार मानले.

झोपण्याच्या वेळेला माझ्या मनात एक साधा प्रश्न आला. डावी टाकी आम्ही भरलीच नव्हती.

बुधवारी भाऊ येण्याआधी मी डाव्या टाकीचे झाकण उघडून काठी आत घातली. काठी तळाला टेकली. बाहेर काढली तेव्हा तिच्या टोकाला कोरडी तांबूस भुकटी होती. मी गाडीखाली शिरलो. डाव्या टाकीतून निघणारी नळी वीतभर अंतरावर कापलेली होती आणि तिचे तोंड हातोडीने ठेचून बंद केलेले होते. ठेचलेल्या जागेवर जुना रंग होता. म्हणजे हे काम कालचे नव्हते. लष्करात असतानाच कोणीतरी ही टाकी कायमची तोडून टाकली होती.

तोटीची डावी बाजू कुठेच जात नव्हती.

४

समंजस माणूस अशा वेळी चमत्कार शोधत नाही, लबाडी शोधतो. मी लबाडी शोधली. भावाने कुठेतरी पेट्रोलचा डबा लपवला आहे, त्यातून बारीक नळी परस्पर कार्बोरेटरला जोडली आहे, आणि नोकरी मिळेपर्यंत हे नाटक चालवणार आहे, असा मी तर्क केला. उद्या चढावर डबा संपला, इंजिन बंद पडले, की बावीस माणसांसह ट्रक मागे घसरणार. खाली दरी आहे.

मी सीट उचकटली. फळ्या ठोकून पाहिल्या. डबा मिळाला नाही.

म्हणून मी त्याला पुन्हा बैठक करायला लावली. डबा असेल तर रिकामा होईल. एक तास झाला. "अजून एक," मी म्हणालो. दुसराही झाला. मी बॉनेटपाशी उभा राहून कान देत होतो. आवाज पहिल्या मिनिटाला होता तसाच होता. उलट मला वाटले, थोडा भरला आहे.

तिसऱ्या तासानंतर भाऊ खाली उतरला आणि दाराला धरून उभा राहिला. त्याचे हात कापत होते. ते कापणे माझ्या ओळखीचे होते.

"तोंड उघड," मी म्हणालो.

"दादा, मी पंचावन्न वर्षांचा आहे."

"उघड."

त्याने उघडले. कसलाच वास नव्हता. दारूचा नाही, तंबाखूचा नाही, जेवणाचाही नाही. माणसाच्या तोंडाला काही ना काही वास असतोच, हे मला तेव्हा सुचले नाही.

"आत बसून काय करतोस?" मी विचारले.

"ऐकतो." दाराला टेकून तो म्हणाला, "बरं वाटतं आत. पहिल्या घोटानंतर वाटायचं ना, तसं. डोक्यातलं सगळं कुणीतरी हळूहळू उतरवून घेतं."

दारू सोडलेल्या माणसाने हे बोलावे आणि मी ते ऐकावे! मी मनात निकाल देऊन टाकला.

५

गुरुवारी दुपारी भावजय डबा घेऊन आली. ती कमी बोलणारी बाई आहे, आणि मला ती नेहमी थोडी घाबरून असते. त्या दिवशी नव्हती. तिने मला बाजूला बोलावले. आत ट्रक चालू होता. भाऊ पाचव्या बैठकीला बसला होता, आणि या वेळी मी सांगितले नव्हते.

"भावोजी, ह्यांना काय करताय तुम्ही?"

"मी काय करणार? नवऱ्यावर लक्ष ठेव. पुन्हा सुरुवात झालेली दिसते."

"घरात दोन वेळा ताट भरून जेवतात. पहिल्यापेक्षा जास्त. आणि परवापासून पट्ट्याला मी दोन भोकं पाडली. दोन दिवसांत दोन. काल कूस बदलली तेव्हा पलंग करकरला नाही. वीस वर्षं करकरतोय तो."

"पिणाऱ्याचं अंग असंच उतरतं."

तिने माझ्याकडे सरळ पाहिले. "तुम्ही त्यांच्या तोंडाचा वास घ्यायला येता, भावोजी. तोंड बघायला कधी आलात?"

मला राग आला. खरे बोलणाऱ्यावर येतो, तो. ती डबा ठेवून निघून गेली. मी आत गेलो आणि त्याचे तोंड पाहिले. काचेमागे तो डोळे मिटून बसला होता. गालांची कातडी सैल झाली होती. ओठांवर एक हसू होते, आणि ते जाग्या माणसाचे नव्हते.

मी खिडकीवर टकटक केली. त्याने डोळे उघडण्याआधी इंजिनाचा आवाज क्षणभर बदलला. झोपलेल्याला हाक मारली की त्याचा श्वास बदलतो, तसा.

हे मी तेव्हा ऐकले. मानले मात्र नाही.

६

त्याच संध्याकाळी मुकादम आला. बाहेरूनच आवाज ऐकून त्याने मान हलवली.

"वा. मांजर घुरघुरतंय. लिहा दाखला, मिस्त्री."

दाखल्यावर काय लिहायचे असते, ते मी शेकडो वेळा लिहिले आहे: दोष अमुक होता, तो असा काढला, गाडी माणसे नेण्यास योग्य आहे. दोष काय होता, मला माहीत नव्हते. तो गेला की आहे, हेही माहीत नव्हते. इंजिन कशावर चालते आहे, हेच माहीत नव्हते. मला फक्त 'कळले नाही' म्हणायचे होते. हे शब्द मी उमेदवारी संपल्यापासून कोणापुढे उच्चारले नव्हते. भाऊ शेजारी उभा होता आणि माझ्या हातातल्या लेखणीकडे पाहत होता. त्याची सगळी पुढची वर्षे त्या कागदावर होती.

मी सही केली. दयेने केली असे सांगता आले असते. ते खरे नाही.

मुकादम गेल्यावर मी भावाकडे वळलो आणि माझी लाज त्याच्यावर ओतली. चोर, दारुडा, बावीस जणांचा मारेकरी; जे तोंडाला आले ते बोललो. डबा कुठे आहे ते सांग, नाहीतर उद्या गॅरेजची पायरी चढू नकोस, असे बजावले.

तो रागावला नाही. पूर्वी त्याने निदान दार आपटले असते.

"डबा नाहीय, दादा," एवढेच म्हणाला, आणि घरी गेला. जाताना त्याची पावले वाजली नाहीत. आमच्या गॅरेजपुढे खडी आहे.

७

शुक्रवारी तो आला नाही. मी एकटाच होतो. प्रार्थना करून मी कामाला लागलो आणि ठरवले की आज तर्काने चालायचे, रागाने नाही.

मी पंपाची नळी सोडवली. कार्बोरेटरची वाटी काढून आतले पेट्रोल ओतून टाकले, वाटी फडक्याने पुसली, पुन्हा बसवली. आता त्या इंजिनात पेट्रोलचा थेंब नव्हता. तोटी डावीकडे होती. मी सीटवर बसलो आणि बटण दाबले.

इंजिन सुरू झाले.

मी उतरलो. बॉनेटपाशी पोहोचेपर्यंत ते विझले होते. पुन्हा बसलो, सुरू झाले. उतरलो, विझले. असे तीनदा झाले.

सीटवर भार पडला की एखादी तार जुळत असेल, असे मी स्वतःला सांगितले. जुन्या गाड्यांत माणसे काय काय जोडून ठेवतात. मी गिअरबॉक्सचा एक जड तुकडा सीटवर ठेवला. माझ्यापेक्षा तो नक्कीच जड होता. खाली उभा राहून, दारातून हात घालून मी बटण दाबले. इंजिन नुसते फिरले, पेटले नाही. वाळूचे पोते ठेवले. पेटले नाही. पोते काढले, मी बसलो, आणि बटणाला बोट लागते न लागते तोच ते चालू झाले.

मग मी एक चूक केली. आवाज नीट ऐकावा म्हणून थोडा वेळ तसाच बसलो.

भावाने सांगितले होते ते खरे होते. आत बरे वाटते. गुरुवारी मी जे बोललो होतो त्याची टोचणी हळूहळू बोथट झाली. मग ती होती हेच विसरायला झाले. घरी कोणी वाट पाहत आहे का, हे आठवावेसे वाटेना. संध्याकाळच्या प्रार्थनेचे पहिले शब्द मी मनात म्हणायला गेलो आणि ते सापडले नाहीत. वयाच्या सहाव्या वर्षापासून पाठ असलेले शब्द. त्या भीतीने मी दार ढकलून बाहेर पडलो.

थोडाच वेळ बसलो होतो, अशी माझी खात्री होती. घड्याळात पाहिले तर दोन तास गेले होते. घड्याळ मनगटावरून घसरून पंजापर्यंत आले होते.

तेव्हाच मी मुकादमाकडे जायला हवे होते. भावाकडे तर धावतच जायला हवे होते. पण जाऊन सांगू काय? हा ट्रक माणसावर चालतो, असे? ज्या तोंडाने दाखला दिला त्याच तोंडाने? मी गॅरेजच्या दाराला कुलूप घातले, किल्ली खिशात टाकली आणि सकाळी शांत डोक्याने बोलू असे ठरवले. कुलपाची दुसरी किल्ली भावाकडे असते. मला ते माहीत होते.

८

शनिवारी सकाळी गॅरेजचे दार उघडे होते आणि ट्रक नव्हता.

खाणीची माणसे गावाबाहेरच्या मोकळ्या आवारात जमत. मी पळत निघालो. त्रेसष्टाव्या वर्षी माणूस जितका पळतो, तितका. आवाराच्या अलीकडच्या वळणावरच मला तो आवाज आला, आणि माझे पाय थांबले. तो वाढत होता. वेग वाढल्यासारखा नव्हे. गती तीच, मंद. पण मधूनमधून तो एका पायरीने जाड होत होता. एक पायरी. थोडे थांबून दुसरी.

वळण घेतल्यावर दिसले. मागचे फळकूट उघडे होते आणि कामगार एकामागून एक वर चढत होते.

"या मिस्त्री," मुकादम म्हणाला. "आज पहिली खेप. आशीर्वाद द्या."

"माणसं उतरव. मी दाखला परत घेतो."

"का? दोष काय आहे?"

सगळे माझ्याकडे पाहत होते.

"मला कळलं नाही," मी म्हणालो. "पहिल्या दिवसापासून कळलेलं नाही. सही खोटी होती."

मुकादम हसणार होता. माझे तोंड पाहून थांबला. "तुम्ही असं म्हणता म्हणजे विषय संपला," तो म्हणाला आणि ट्रककडे वळला. "उतरा रे सगळे. पायी चला."

"काल चपला शिवून घेतल्या ते बरं झालं," आतून कोणीतरी म्हणाले. बाकीचे कुरकुरत उतरू लागले. काही जण उतरून काहीतरी विसरलेले आठवत असल्यासारखे नुसते उभे राहिले. प्रत्येकाबरोबर आवाज एका पायरीने पातळ होत गेला. त्यांच्यापैकी कोणाला ते जाणवले का, मी विचारले नाही. आजवर विचारलेले नाही.

शेवटचा माणूस उतरला. इंजिन चालू होते. सीटवर माझा भाऊ होता.

मी पायरीवर चढून दार उघडले.

"उतर."

"मी उतरलो तर बंद पडेल ती, दादा."

"पडू दे."

"चारही दिवस मीच धरून ठेवलीय तिला." तो समजुतीने बोलत होता, मी लहान असल्यासारखा. "तूच म्हणालास ना, ज्याने दुरुस्त केली त्यानेच बसायचं?"

"माझी चूक झाली. नियम चुकीचा होता. तुझ्यावरचा संशयही चुकीचा होता. ये."

त्याने माझ्याकडे पाहिले. ओळख पटायला त्याला थोडा वेळ लागला. मी त्याच्या काखेत हात घातले. लहानपणी तो पाच वर्षांचा असताना मी त्याला शेवटचे उचलले होते, आणि तेव्हाही मला दम लागला होता. आता मी त्याला सीटवरून उचलला, हवेत वळवला आणि खाली मुकादमाच्या हातात दिला. मुकादमाने जड ओझे पेलायला पाय रोवले होते. त्याचा तोल मागे गेला. तो माझ्याकडे बघतच राहिला.

सीट रिकामी होती. मागचा भाग रिकामा होता. मी मान वाकवून पाहिले, दोनदा पाहिले.

इंजिन चालू होते. अगदी बारीक, कापऱ्या आवाजात, पण चालू. मी हात लांब करून इग्निशनचे बटण बंद केले. ते चाललेच. मी सीटखालची तोटी आडवी केली. ते चाललेच.

"मिस्त्री, आत कोण आहे अजून?" मुकादमाने हळू आवाजात विचारले.

मला पुन्हा बरे वाटू लागले होते. तेवढ्यावरून मला समजले. मी खाली पाहिले. माझा डावा पाय अजून ट्रकच्या पायरीवर होता.

मी तो काढून घेतला.